परसातला परिमळ

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तट, बुरूज, तलवारी आणि तहनामे उभे राहतात. एखाद्या वाड्याचा इतिहास लिहायचा झाला तरी लेखक दिंडी दरवाजापाशी थबकतो, फार तर दिवाणखान्यापर्यंत जातो. चौक ओलांडून, माजघर आणि स्वयंपाकघर मागे टाकून परसदारी जाण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. तेथे असे काय असायचे? एखादा आड किंवा विहीर, धुण्याचा दगड, मोरीच्या पाण्यावर पोसलेली केळ, अळूचा वाफा, कढीलिंब, आणि या सगळ्यांच्या कडेकडेने, मुद्दाम मांडणी न केल्यासारखी, फुलझाडे. कुंपणाला जाई किंवा जुई, आडाजवळ मोगरा, कोपऱ्यात पारिजातक, भिंतीच्या बाहेर झुकलेला चाफा. देवाला फुले हवीत, लेकीसुनांच्या वेणीला हवीत, आणि संध्याकाळी दार उघडताच मन प्रसन्न व्हावे म्हणूनही हवीत. या झाडांची बखर कोणी लिहिली नाही. ती लिहिण्याजोगी मात्र आहे, असे मला पुष्कळ वर्षांपासून वाटत आले आहे, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला ती युद्धांच्या हकिकतींपेक्षा अधिक गोड लागेल अशी आशा आहे.

या परसाचा एक फार जुना आणि तपशीलवार दाखला ज्या ग्रंथात सापडतो, त्याचे नाव दिवाळी अंकात काढावे की नाही असा क्षणभर संकोच वाटतो. परंतु वात्स्यायनाचे ‘कामसूत्र’ आपण समजतो त्याहून पुष्कळ घरगुती आहे. साधारण तिसऱ्या शतकातल्या या ग्रंथात गृहिणीच्या कर्तव्यांचे एक प्रकरण आहे. घराभोवतीच्या मोकळ्या जागेत तिने काय लावावे याची त्यात चक्क यादी दिलेली आहे. भाज्यांचे आणि उसाचे वाफे, जिरे, मोहरी, ओवा-बडीशेपेच्या जातीच्या वस्तू. आणि मग मल्लिका, जाती, नवमालिका, तगर, कुरंटक, जपा. यांतली मल्लिका म्हणजे आपल्या मोगऱ्याचे कूळ, जाती म्हणजे जाई, कुरंटक म्हणजे कोरांटी, जपा म्हणजे जास्वंद. वाळ्यासारख्या सुगंधी मुळांच्या वनस्पतींचे वाफे वेगळे सांगितले आहेत. बागेत बसायला ओटे असावेत, मधोमध विहीर किंवा तळे असावे, आणि बियाणे वेळच्या वेळी धरून वेळच्या वेळी पेरावे, हेही तिचेच काम. सतराशे वर्षांत या यादीत काय फरक पडला आहे? ऊस गेला. बाकी बहुतेक सर्व आपल्या आजीच्या परसात होते.

यापुढची कित्येक शतके ग्रंथकारांचे लक्ष झाडापेक्षा झाडापासून निघणाऱ्या वासाकडे अधिक आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीचे स्वतंत्र प्रकरण घातले. सोळा द्रव्ये घेऊन, त्यांतली चार-चार निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून १,७४,७२० प्रकारचे गंध होतात, असा हिशेब या ज्योतिष्याने मांडला. चाफ्याच्या वासाचे तेल कसे करावे हेही तो सांगतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला, त्यात राजाच्या उपभोगांत गंध आणि फुले यांना मानाचे स्थान आहे. आणि आपल्याला विशेष आनंद व्हावा अशी गोष्ट म्हणजे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी गंधशास्त्राची एक पोथी उजेडात आणली. तिच्यात गंगाधराचा ‘गंधसार’ आहे आणि त्याच्या जोडीला ‘गंधवाद’ नावाचा दुसरा ग्रंथ आहे. या गंधवादावर चक्क मराठी टीका आहे. कोणी तरी मराठी माणूस तेले, उटणी आणि धूप यांची कृती आपल्या भाषेत समजावून सांगत बसला होता. आपल्या भाषेने केवळ भक्ती आणि पराक्रम यांचाच संसार केला नाही, सुगंधाचाही केला, याचा तो पुरावा आहे.

तरीपण पोथ्यांतून परसात उतरायचे म्हणजे परक्याच्या नजरेची मदत घ्यावी लागते. जे आपण रोज पाहतो ते नोंदवावे असे आपल्याला वाटत नाही. नवखा माणूस मात्र बारकाईने लिहून ठेवतो. असा एक नवखा माणूस १५३४ साली गोव्यात उतरला. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. पोर्तुगीज वैद्य, विद्वान आणि मोठा जिज्ञासू. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा स्नेह होता आणि मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ साली त्याने गोव्यातच छापलेला वनस्पतींवरचा संवादग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यात एक प्रकरण ‘दुःखी झाडा’वर आहे. हे दुःखी झाड म्हणजे आपला पारिजातक. रात्री फुलणारा आणि सूर्य उगवताच फुले टाकून देणारा हा वृक्ष पाहून ओर्ताला कुतूहल वाटले, आणि येथल्या लोकांकडून ऐकलेली कथा त्याने लिहून ठेवली. पारिजातक नावाच्या एका थोर सरदाराची मुलगी सूर्यावर भाळली. सूर्याने तिला टाकले. तिने प्राण दिला, आणि तिच्या राखेतून हे झाड उगवले. म्हणून त्याची फुले सूर्याचे तोंड पाहत नाहीत.

मौज अशी की आपण लहानपणी ऐकलेली पारिजातकाची गोष्ट अगदी निराळी. सत्यभामेचा हट्ट, कृष्णाने स्वर्गातून आणलेले झाड, ते लावले सत्यभामेच्या अंगणात आणि फुले पडली रुक्मिणीच्या अंगणात! एक कथा विरहाची, दुसरी सवतीमत्सराची. पुराणातली कथा पोथ्यांतून टिकली, आणि लोकांच्या तोंडची कथा एका पोर्तुगीज वैद्याच्या पुस्तकात जाऊन बसली. १७५३ साली लिनीअसने या झाडाला शास्त्रीय नाव दिले त्यातही ते ‘दुःखी झाड’च राहिले. गोव्याच्या एखाद्या अंगणात कोणी सांगितलेली गोष्ट आज जगभरच्या वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकांत अशी रुतून बसली आहे.

ओर्तानंतर शंभर वर्षांनी मलबारच्या डच गव्हर्नराने, हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने, याहून मोठा उद्योग आरंभिला. त्याच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. त्यांत सातशेहून अधिक वनस्पती आहेत. या कामात त्याला इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने साह्य केले, आणि तितकेच साह्य कोचीला स्थायिक झालेल्या तीन कोंकणी वैद्यांनी केले: रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट. या तिघांनी दिलेले प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात कोंकणी भाषेत आणि नागरी लिपीत छापलेले आहे. चित्रांवर मल्याळी नावांबरोबर नागरी अक्षरांत कोंकणी नावेही कोरलेली आहेत. बकुळीच्या शास्त्रीय नावातला ‘एलेंगी’ हा शब्द याच ग्रंथातल्या मल्याळी ‘इलंजी’वरून आला, आणि सोनचाफ्याच्या शास्त्रीय नावात आपला ‘चंपक’ आजही जसाच्या तसा आहे. म्हणजे आपल्या परसातली झाडे आपल्याच वैद्यांनी युरोपच्या दारापर्यंत पोहोचवली.

पण ज्या गलबतांतून हे जिज्ञासू लोक आले, त्या गलबतांच्या वाटेने झाडेही आली. आणि येथून आपल्या बखरीला खरी गंमत येते.

देवळाच्या आवारात उभा असलेला, पाने झडली की हातापायांच्या काड्या झालेला, आणि तरी टोकाटोकाला पांढरीपिवळी फुले मिरवणारा खुरचाफा पाहा. कोणी त्याला देवचाफा म्हणतात. महादेवाच्या देवळाशेजारी तो इतका शोभतो की देऊळ आधी की चाफा आधी असा प्रश्न पडावा. हा देवचाफा मूळचा अमेरिकेचा, मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या उष्ण प्रदेशांचा. युरोपीय दर्यावर्दी तेथे पोहोचल्यानंतर तो समुद्रमार्गे पूर्वेकडे पसरला. संस्कृत काव्यातला चंपक तो नव्हेच. तो मान सोनचाफ्याचा. पण आपल्या लोकांनी या नव्या पाहुण्याची पाकळी पाहिली, वास घेतला, आणि घरातल्या थोरल्याचे नाव त्याला देऊन टाकले. लाओस देशाचे राष्ट्रीय फूलही हेच आहे, आणि तेथेही त्याला ‘चंपा’च म्हणतात. अमेरिकेचे झाड, भारताचे नाव आणि लाओसचा मान!

दुसरा पाहुणा निशिगंध. मेक्सिकोच्या प्राचीन लोकांच्या भाषेत त्याला ‘हाडाचे फूल’ अशा अर्थाचे नाव होते. पांढऱ्या, मेणचट, घट्ट पाकळ्यांवरून ते पडले असावे. आपल्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी या फुलाला ‘गुलछबू’ हा शब्द होता. तो फारसी ‘गुल-ए-शब्बू’चा अपभ्रंश, ‘शब’ म्हणजे रात्र आणि ‘बू’ म्हणजे वास. आता ‘निशिगंध’ या शब्दाची फोड करा. निशा म्हणजे रात्र, गंध म्हणजे वास. कोणी तरी फारसी नावाचे अगदी शब्दाला शब्द लावून मराठी केले आहे, आणि ते इतके बेमालूम झाले आहे की हे नाव कालिदासाच्या काळचे असावे असे वाटते. रातराणीचीही तीच कथा. तिचे माहेर वेस्ट इंडीज बेटे आणि मध्य अमेरिका, पण नावात परकेपणाची खूण नाही. अनंत चीनच्या बाजूचा. मरवा भूमध्य समुद्राकाठचा. दसऱ्याला ज्याच्यावाचून तोरण होत नाही आणि दिवाळीत ज्याच्या माळा दारोदार लागतात तो झेंडूही मेक्सिकोचा. ‘गुलाब’ या शब्दाची तर वेगळीच गंमत. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे मुळात गुलाबपाणी. आपण पाण्याचे नाव फुलाला दिले, आणि मग पाण्यासाठी ‘गुलाबपाणी’ असा नवा शब्द करून पाण्यात आणखी पाणी घातले.

हा व्यवहार एकतर्फी होता असे मात्र नाही. आपल्या बाजूचा मोगरा पूर्वेकडे फिलिपाईन्स बेटांत गेला आणि १९३४ साली त्या देशाचे राष्ट्रीय फूल ठरला. दिवाळीच्या उटण्यात जी कपूरकचरी पडते तिचा चुलतभाऊ सोनटक्का. तो हिमालयाच्या पूर्व पायथ्याकडून निघून पार क्यूबाला पोहोचला आणि तेथले राष्ट्रीय फूल झाला. क्यूबाच्या स्वातंत्र्ययुद्धात बायका या फुलांच्या आड निरोपाच्या चिठ्ठ्या लपवून नेत, असे तेथे सांगतात. आपल्या परसातल्या फुलाने दूरच्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी जासुदी केली, हे ऐकून कोणाला बरे वाटणार नाही?

आता खरा प्रश्न असा की, इतकी झाडे परदेशांतून आली, त्यांतली काहीच आपली का झाली? सुगंधामुळे म्हणावे तर स्वीट-पीसारखे सुगंधी फूल इंग्रजी अमदानीत साहेबांच्या बंगल्यांतून दर हिवाळ्यात फुलत असे. त्याला ना मराठी नाव मिळाले, ना देवघरात जागा. मला याची दोन कारणे दिसतात.

पहिले कारण संध्याकाळचे आहे. मोगरा, जुई, पारिजातक ही आपली जुनी फुले पांढरी आहेत आणि दिवस मावळल्यावर दरवळतात. याचे कारण असे की या फुलांचे पाहुणे म्हणजे निशाचर पतंग. अंधारात रंगांचा उपयोग नाही. पांढरेपणा आणि वास हीच त्यांची निमंत्रणपत्रिका. निशिगंध आणि रातराणी यांनीही आपल्या मायदेशी हीच युक्ती साधलेली होती. आपल्याकडे दिवस उन्हाचा, संध्याकाळ ओटीवरची, आणि फुले पहाटे देवासाठी वेचण्याची. रात्री फुलून सकाळी ताजे राहणारे पांढरे फूल या दिनक्रमात असे चपखल बसले की जणू त्याची वाटच पाहिली जात होती.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. स्वीट-पीचे बी दर वर्षी पेरावे लागे. साहेबाची बदली झाली, माळी गेला, की ते फूलही गेले. याच्या उलट खुरचाफ्याची फांदी मोडून दिली की झाले. निशिगंधाच्या कंदाला बाळकंद फुटतात, ते उकरून पदरात बांधून नेता येतात. रातराणीची काडी रुजते. शेवंतीचे फुटवे निघतात. ज्या झाडाला बाजाराची आणि माळ्याची गरज लागली नाही, जे एका बाईच्या हातून दुसरीच्या हाती जाऊ शकले, ते आपले झाले. माहेराहून निघताना, हळदीकुंकवाहून परतताना, तीर्थयात्रेत कोणाच्या वाड्यात उतरल्यावर, ओल्या फडक्यात गुंडाळून ही झाडे गावोगाव फिरली. ना त्याचा जमाखर्च राहिला, ना कोणा सरदाराने त्याबद्दल इनाम दिले. पण परदेशी झाडाला आपल्या गोत्रात घेण्याचे काम झाले ते या फडक्यातून.

मोगऱ्याच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. आपल्याकडचा मोगरा सहसा बी धरत नाही. मग तो इतकी शतके जगला कसा? प्रत्येक पिढीत कोणी तरी त्याची फांदी मातीत दाबली म्हणून. तुमच्या दारचा मोगरा हा कोणत्या तरी दुसऱ्या मोगऱ्याचा तुकडा आहे, तो आणखी कोणाचा. आणि ही साखळी मागे मागे नेली तर कोठे जाऊन पोहोचेल याचा नेम नाही. कदाचित वात्स्यायनाने सांगितलेल्या एखाद्या गृहिणीच्या आडाजवळही पोहोचेल. मध्ये एका पिढीने कंटाळा केला असता तर साखळी तेथेच तुटली असती. ज्ञानेश्वरांच्या नावावर असलेला मोगऱ्याचा अभंग मराठी घरांतून आजही गायिला जातो; पण तो मोगरा गाण्याबरोबर अंगणातही टिकला, तो मातीत हात घालणाऱ्या या निनावी बायकांमुळे.

ही विद्या अवघड नाही. आषाढात, पाऊस लागला की मोगऱ्याची जमिनीलगतची एखादी लांब फांदी निवडावी. पेराच्या खाली चाकूने किंचित छेद द्यावा, तो भाग चार बोटे मातीखाली दाबून वर दगड ठेवावा, शेंडा मोकळा राहू द्यावा. दोन-तीन महिन्यांत मुळ्या धरतात. दिवाळीच्या सुमारास ती फांदी आईपासून तोडून कुंडीत लावता येते. मोठ्या झाडाचे पाणी थंडीच्या अखेरीस काही दिवस तोडावे, छाटणी करावी, आळे उकरून शेणखत घालावे, मग पाणी सुरू करावे. चैत्र-वैशाखात तो उपकार फेडतो. निशिगंधाचे कंद फाल्गुन-चैत्रात लावावेत, पाण्याचा निचरा तेवढा चांगला हवा. खुरचाफ्याची फांदी तोडल्याबरोबर लावू नये. आठवडाभर सावलीत ठेवून चीक सुकू द्यावा, नाही तर ती कुजते. रातराणीपाशी साप येतात ही भीती मनातून काढावी. सापाला फुलाचा शौक नाही; गचपणात उंदीर-बेडूक असले तर तो येतो, मग तेथे रातराणी असो की एरंड.

या सर्व विषयाला माझ्या बाबतीत एकदा फार व्यवहारी रूप आले. आम्ही राहतो त्या इमारतीच्या गच्चीवर ‘पारंपरिक सुगंधी वनस्पतींची बाग’ करावी असे ठरले. झाडे केवळ देशी असावीत असा ठरावही झाला, आणि इतिहासाचा माणूस म्हणून यादी तपासण्याचे काम माझ्याकडे आले. मी वर सांगितलेली हकिकत बैठकीत सांगितली. लगेच एका उत्साही सभासदाने लाल पेन्सिलीने खुरचाफा, निशिगंध, रातराणी, अनंत, मरवा असे एकेक नाव खोडायला सुरुवात केली. तळमजल्यावरच्या माई तोवर गप्प होत्या. ऐंशीच्या पुढचे वय. निशिगंधावर पेन्सिल फिरताच त्या म्हणाल्या, “अहो, थांबा जरा. हे कंद मला माझ्या सासूबाईंनी दिले. त्यांना त्यांच्या आईनं सासवडहून दिले होते. चार घरं फिरले माझ्याबरोबर. आता तुम्ही सांगता ते परके?”

सभासद म्हणाला, “माई, तसं नाही. पण मूळ बघायला नको का?”

“मूळ बघा की,” माई म्हणाल्या. “मीसुद्धा या घरात बाहेरूनच आले.”

बैठकीत हशा पिकला, पण उत्तर कोणाला सुचले नाही. मी एवढेच सुचवले की यादीत प्रत्येक झाडापुढे दोन रकाने ठेवावेत: एकात ते मूळचे कोठले हे लिहावे, आणि दुसऱ्यात ते कोणाच्या हातून आपल्याकडे आले हे. पहिला रकाना पुस्तकांवरून भरता येतो. दुसरा भरायला घरोघर विचारावे लागते, आणि तो फार लवकर कोरा पडत चालला आहे.

त्या सभासदाचे सारेच म्हणणे चूक होते असेही नाही. या मातीतल्या झाडांकडे आपले दुर्लक्ष झाले आहे हे कबूल केले पाहिजे. बकुळ बियांपासून सावकाश वाढते, फुलायला वर्षे घेते; तेवढा धीर आता कोणाजवळ उरला आहे? तिचे फूल वाळले तरी वास सोडत नाही, गोव्यात त्याच्या ओंवळांच्या माळा विकायला येतात. सुरंगी तर सह्याद्रीची लेक. वसंताच्या तोंडाशी कोकणात आणि गोव्यात तिच्या जुन्या फांद्या फुलांनी लगडतात, कळ्या पहाटे उमलण्याआधी खुडाव्या लागतात. घाटावरच्या कित्येकांनी हे फूल पाहिलेलेही नसते. आपल्या भुंग्यापाखरांशी या झाडांचा जुना घरोबा आहे. त्यांना जागा द्यायचीच. मात्र त्यासाठी माईंचे कंद उपटण्याचे कारण नाही.

झाडे नाहीशी होतात ती बहुतेक वेळा परकी ठरवल्यामुळे होत नाहीत. परसच नाहीसे होते, त्यामुळे होतात. पुण्याचेच उदाहरण घ्या. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजहून शहरात पाणी खेळवले. वाड्यावाड्यांतून हौद भरले, आणि त्या पाण्यावर परसे हिरवी राहिली. पेशव्यांच्या हिराबागेसारख्या बागांची वर्णने पुस्तकांत आहेत. या परसांची नाहीत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि मुठेकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे वाहून गेले किंवा खचले. माणसांच्या आणि घरांच्या नुकसानीची मोजदाद झाली. त्या चिखलाखाली किती जाईजुया गेल्या हे कोणी मोजले नाही, आणि त्या दिवशी ते मोजणे शोभलेही नसते. पुढच्या दशकांत जे पुराने राखले ते बिल्डरांनी पाडले. वाड्याचे नक्षीदार खांब जुन्या बाजारात विकत मिळतात. आडाजवळच्या मोगऱ्याला मात्र बाजारभाव नव्हता, म्हणून तो खणताना कोणी थांबले नाही. दीड-दोनशे वर्षांची हातोहात आलेली साखळी अशा एका दुपारी तुटते, आणि तुटल्याचा आवाजही होत नाही.

नर्सरीतून दुसरा मोगरा आणता येईल हे खरे. तोही चांगलाच फुलेल, आणि आज तुम्ही लावलेत तर पन्नास वर्षांनी त्यालाही इतिहास चढेल. पण एखाद्या घरातला जुना मोगरा, कोणाच्या आजीच्या सासरचा निशिगंध, कोकणातल्या मावशीच्या कुंपणाचा चाफा अजून जिवंत असेल, तर तो आताच मागून घ्यावा.

या दिवाळीत फराळाची देवघेव होईल, भाऊबिजेला बहिणीकडे जाणे होईल. तिच्या दारात जे काही दरवळत असेल त्याची एक काडी किंवा कंद घेऊन या, आणि तिला तिच्या झाडाची हकिकत विचारा. रात्रीच्या वेळी काडी मोडू नये असे जुनी माणसे म्हणत, तेव्हा सकाळीच मागा. काडी कुंडीत लावाल. हकिकत वहीत लिहून ठेवा, आणि खाली तारीख घाला. इतिहासाची साधने अशीच तयार होतात.